सुई न देणारी डॉक्टरीन

दोन हजार एकोणीस साली मी सत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या गावच्या डॉक्टरणीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ती पायानं स्टूल पुढं सरकवायची, कानातली नळी गळ्यात टाकायची आणि म्हणायची, "बसा काकाजी. पहिल्यापासून सांगा. घाई नाही."

घाई तिला नव्हती. मला होती. बसून राहणं माझ्या अंगातच नाही. तलावाचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत गेलं, म्हैस कुठं शिरली, मजूर अजून का आले नाहीत, हे सारं डोक्यात घेऊन मी त्या स्टुलावर टेकायचो, आणि ही बाई विचारायची, "झोप येते का?"

"मॅडम, खोकला आहे. सुई लावा, जातो मी."

"सुईनं खोकला जात नाही काकाजी. किती दिवस झाले? चूल घरात आहे की बाहेर? बिड्या किती ओढता?"

आता तुम्हीच सांगा, माणूस दवाखान्यात सुई घ्यायला जातो की साक्ष द्यायला? मी तर म्हणायचो, ज्या डॉक्टरला रोग कळतो तो नाडी धरतो, सुई भरतो आणि मोकळा होतो. ज्याला कळत नाही तो विचारत बसतो. हे मी पानठेल्यावर दहा वेळा बोललो असेन. तुमच्याही गावात असं बोलणारा एखादा बुढा असेलच. आमच्या गावात तो मी होतो.

आमचं गाव लाखनी तालुक्यात, महामार्गापासून आत. तिथं एका रिटायर गुरुजीच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या होत्या. बाहेर टिनाखाली दोन बाकडी, आत टेबल, आणि खाटेपुढं एक हिरवा पडदा. कंपाउंडर नव्हता. गोळ्या ती स्वतःच कागदाच्या पुडीत बांधायची. पुडीवर पेनानं सूर्य काढला की ती सकाळची, चांद काढला की रात्रीची. एकदा माझ्या पुडीवरही तिनं सूर्य काढला. मी पुडी टेबलावर परत ठेवली.

"मले वाचता येते मॅडम. चवथी पास आहो मी."

तिनं ती पुडी सोडली, दुसरी बांधली आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'सकाळ' लिहिलं. त्या दिवसापासून साऱ्या गावाच्या पुड्यांवर सूर्य-चांद, आणि माझ्या पुडीवर अक्षर. एवढ्या वर्षांत एकदाही चुकली नाही.

ती एवढी शिकलेली, मग खेड्यात का बसली, हा गावाचा आवडता प्रश्न होता. चांगली असती तर नागपूरला नसती का बसली? कोणी म्हणे नापास झाली असेल. कोणी म्हणे हिच्या हातून तिकडं काही झालं असेल. लहानसहान दुखण्याची डॉक्टरीन, सर्दी-पडशाची, हेच नाव पडलं होतं तिचं. मोठ्या दुखण्याला मोठा डॉक्टर. आणि बाईमाणूस, म्हणजे बाळंतपणाची असेल. ती बाळंतपणं करत नव्हती, याचंही लोकांना वाईट वाटायचं.

एकदा शालिकच्या पायावर कसलं तरी चट्टं आलं. शालिक म्हणजे माझा लहानपणचा सोबती, आमची शेतं धुऱ्याला धुरा लागून. डॉक्टरणीनं ते चट्टं पाहिलं, कपाटातून जाडं पुस्तक काढलं, पानं चाळली, पुन्हा चट्टं पाहिलं. शालिक बाहेर येऊन मला म्हणाला, "हे तं पुस्तकात पाहून सांगते बे! हिले याद नाई काय?" दोन दिवसांत ही गोष्ट अख्ख्या गावात झाली. चट्टं आठवडाभरात बरं झालं, ते मात्र कोणी कोणाला सांगितलं नाही.

आणखी एक. आमच्याकडं रोवणा लागायच्या आधी बाया-माणसं सलाईनची एक-एक बाटली लावून घेतात. ताकतीसाठी. पंधरा-वीस दिवस कमरेत वाकून, चिखलात उभं राहून धान रोवायचं असतं, अंगात दम पाहिजे. पहिल्या वर्षी दहा-बारा बाया रांग लावून तिच्या टिनाखाली बसल्या. डॉक्टरीन बाहेर आली.

"ताप कोणाला आहे?"

"कोनालेच नाई जी. बाटली लावाची आहे."

"त्या बाटलीत मीठ आणि पाणी असतं बाई. थोडी साखर. तेवढं तर तुमच्या पेजेत असतं. मीठ टाकून दोन वाट्या पेज प्या, सोबत एक अंडं खा आणि जा रोवायला."

बाया परत आल्या. रागानं लाल झालेल्या. "पेज पिवाले सांगते! पेज तं आमी रोजच पितो!" त्या सगळ्या नंतर महामार्गावर एका ठिकाणी गेल्या. तिथं एक जण चार खाटा टाकून बसायचा, पडलेल्या माणसाला बाटली लावायचा, तोंडानं काही विचारायचा नाही. तो मला फार आवडायचा.

तिची वही मात्र वेगळी होती. माणसाच्या नावाची नाही, घराची. एका घराला एक पान. आमच्या घराचं पान, शालिकच्या घराचं पान. दुपारी ती स्कुटीवर निघायची आणि वहीत पाहून कोणाच्या तरी दारात थांबायची. "आजींची साखर पाहायची राहिली." "बाळाला ताप होता ना, उतरला का?" लोक म्हणायचे, दवाखान्यात गिऱ्हाईक नाही म्हणून दारोदार फिरते. मी म्हणायचो, वहीत काहीतरी सरकारी लिहून नेत असेल. माझं म्हणणं गावात चालायचं. मी खोटं बोलत नाही, असं गाव मानायचं.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

त्या उन्हाळ्यात शालिकच्या छातीत जळजळ झाली. अॅसिडिटी आहे म्हणून तो एक गोळी मागायला गेला. डॉक्टरणीनं त्याला त्याच पावली खाटेवर निजवलं, चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या पुतण्याच्या जीपमध्ये घालून भंडाऱ्याला धाडलं. तिथं दुखणं हार्टचं निघालं, त्याला चार दिवस ठेवलं. परत आला तो पिशवीभर गोळ्या घेऊन.

त्यानंतर आठवड्याभरानं मी तलावावरून येत होतो. डॉक्टरणीच्या दारात एक पांढरी गाडी उभी, गाडीवर लाल क्रॉस. ड्रायव्हर एक मोठी पेटी उतरवून आत ठेवत होता. एवढंच मी पाहिलं. आणि तिथून सरळ पानठेल्यावर गेलो.

"पाह्यलं काय? शालिकले भंडाऱ्याले धाडलं, अन् पेटी आली."

"कशाची पेटी?" पानठेलेवाल्यानं विचारलं.

"आता समजून घे ना. मोठा दवाखाना फुकट देते काय? पेशंट धाडला का कट असते, कमिशन. मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं."

पेटी मी डोळ्यांनी पाहिली होती. आत काय होतं ते नव्हतं पाहिलं. पण चौघं ऐकत होते, मी बोलत होतो, आणि बोलताना थांबता आलं नाही. चौथ्या दिवशी तीच गोष्ट गावभर फिरून माझ्याकडं परत आली, तेव्हा पेटीत टीव्ही होता. मी 'नाही' म्हटलं नाही.

त्यानंतर टिनाखालची बाकडी रिकामी दिसू लागली. ज्याला त्याला भीती, ही बाई आपल्याला भंडाऱ्याला धाडेल आणि आपल्या जिवावर पेटी घेईल. लोक महामार्गावरच्या खाटांवर जाऊ लागले. मी ते पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

दसरा गेला. हलका, म्हणजे लवकर येणारा धान पिकून पिवळा झाला, कापणी लागली. त्याच दिवसांत माझ्या बुढीला ताप आला. अनुसया तिचं नाव. तीन दिवस डोकं धरून बसली, थंडी वाजायची, डोळे लाल. चौथ्या दिवशी तिला डॉक्टरणीकडं नेलं, कारण ते जवळ होतं आणि माझे मजूर शेतात उभे होते. एरवी दोन-तीन जण असायचे, त्या दिवशी नेमके बाकड्यांवर आठ-दहा जण. तास गेला. मी तीनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आलो. नंबर लागला तर डॉक्टरीन स्टूल सरकवून म्हणते, "बसा अनुसयाबाई. पहिल्यापासून सांगा."

"ताप आहे, अखीन काय?" मी म्हणालो. "सुई लावा."

"मागच्या दहा-पंधरा दिवसांत कुठं गेल्या होत्या?"

"तलावाच्या पाळीवर. गवताले," बुढी म्हणाली.

डॉक्टरणीचा हात थांबला. "गवत कापायला? मग मला तुमचं अंग पाहावं लागेल. पडद्यामागं चला. लुगडं सैल करा, सगळीकडं पाहायचं आहे. काख, कंबर, सगळं."

पडदा बाकड्यांपासून दोन हातांवर होता. बाहेर साऱ्यांचे कान इकडं लागले होते.

"तापाले लुगडं सोडाचं काय काम आहे?" मी मोठ्यानं म्हणालो. "तपासता येत नसन तं तसं सांगा."

"काकाजी, पाच मिनिटं लागतील."

"मले टाइम नाई." बुढीचा हात धरला आणि बाहेर आणलं. बाकड्यांवरून कोणी तरी हसलं. ते तिला हसलं की मला, कोणास ठाऊक. मी तिलाच हसलं असं धरलं.

महामार्गावर नेलं. खाटेवर निजवलं, बाटली लावली, दोन सुया दिल्या. एकही प्रश्न नाही. मी खुश. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली. तिसऱ्या दिवशी बुढी उठून बसेना. श्वास असा चालला होता जशी ती बांधावरून धावत आली आहे. मी मनात म्हणत होतो, बाटलीची ताकत चढायला वेळ लागतो. शेतात जायचो, पेंढ्या बांधायचो, मधेच टाकून घरी यायचो, तिला पाहायचो, पुन्हा शेतात. कुठंच जीव थांबत नव्हता.

त्या दुपारी फाटकाशी स्कुटी वाजली. डॉक्टरीन.

"अनुसयाबाई परत आल्या नाहीत," ती म्हणाली. "वहीत ताप लिहिला आहे. उतरला, असं लिहिलेलं नाही."

"उतरून राहिला."

"मी पाहू का?"

"औषध दुसऱ्याचं चालू आहे." मी दारात उभा राहिलो. सत्तरीचा होतो, पण दार भरून उभं राहता येत होतं.

आतून आवाज आला. "कोन आहे? मॅडम आल्या काय?"

"तू निजून राय."

"येऊ द्या ना त्याईले."

"अवं, निजून राय म्हटलं ना!"

"आंग माहं आहे," बुढी म्हणाली. बोलता बोलता तिला दम लागत होता. "तुमी बाहीर बसा."

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. माझ्या घरात मला कोणी बाहेर बसायला सांगितलं नव्हतं. मी दारातून सरकलो. बसलो नाही. गोठ्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गोठ्यापर्यंत चालत राहिलो. म्हैस दाव्याला ओढ देऊन माझ्याकडं पाहत होती.

"काकाजी, आत या," डॉक्टरणीनं हाक मारली. "तुम्हीपण पाहा."

बुढीच्या कमरेच्या वर, पोलक्याच्या काठाखाली, कातडीच्या वळीत एक काळी खपली होती. तुरीच्या डाळीएवढी. बिडीचा चटका बसल्यासारखी.

"दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्यांनाही कळलं नाही," ती म्हणाली. "गवतात एक बारीक कीड असते, डोळ्याला दिसत नाही. ती चावली की असा डाग पडतो आणि असा ताप येतो. स्क्रब टायफस म्हणतात याला. याचं औषध साधी गोळी आहे. पण लवकर द्यावी लागते."

दोन दिवसांआधी पाहू दिलं असतं तर, हे ती आता म्हणेल, म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. ती म्हणाली नाही. पिशवीतून गोळी काढली, बुढीचं डोकं उचलून पाण्यासोबत दिली. मग घड्याळ पाहत तिच्या छातीकडं पाहत बसली.

"श्वास भरभर चालला आहे. भंडाऱ्याला न्यावं लागेल. आत्ता. शालिकभाऊंच्या पुतण्याची जीप मिळेल का?"

इथं मी जे बोललो ते तुम्हाला सांगायला जीभ अडते. पण सांगतो.

"भंडाऱ्याले काहून?" मी म्हणालो. "अखीन एक पेटी पाहिजे काय?"

बुढीनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरणीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. थकून पाहतात तसं.

"पेटीचं नंतर बोलू काकाजी. आता गाडी पाहा."

म्हणजे तिला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं. गाव काय बोलतं ते, आणि बहुतेक कोणी सुरू केलं तेही.

मी धावत गेलो. जीप आली. मला वाटलं चिठ्ठी देईल आणि जाईल. पण तिनं गुरुजींना दवाखान्याला कुलूप लावायला फोन केला आणि स्वतः मागच्या सीटवर बसली, बुढीचं डोकं मांडीवर घेऊन. लाखनीच्या अलीकडं महामार्गावर एक ट्रक कलंडला होता आणि त्यामागं ट्रकांची ही एवढी रांग. शालिकच्या पुतण्यानं हॉर्न दाबून धरला, कोणी हलेना. डॉक्टरीन उतरली. बुढीचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि रांगेतून पुढं चालत गेली. एकेका ट्रकचा फाळका हातानं ठोकायची, ड्रायव्हरला वर तोंड करून हिंदीत सांगायची, "भैया, गाडी थोडी बाजू में लो, पेशंट है." धुळीत तिची ओढणी लाल झाली. आमची जीप तिच्या मागं मागं, पावलापावलानं. माझ्या मांडीवर बुढीचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. मी नुसता तिच्या केसांतला गवताचा काडा काढत होतो. काडा नव्हताच तिथं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"हा डाग कोणी शोधला?"

"आमच्या गावच्या मॅडमनं."

"चांगलं झालं. नाहीतर आम्ही आधी दहा तपासण्या करत बसलो असतो, आणि यांच्याकडं तेवढा वेळ नव्हता."

मी मागं वळून पाहिलं. डॉक्टरीन नळावर पाण्याची बाटली भरत होती. ती आणून बुढीच्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, "मी बसनं जाते. तुम्ही इथंच थांबा." ती गेली, आणि मी तिच्या मागं गेलो. आभार मानायला नाही गेलो. पाहायला गेलो. तिला कोणी काही देतं का, कोणी बाजूला नेतं का. फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला, स्टॅंडवर फुटाणे घेतले आणि लाखनीच्या बसमध्ये उभ्यानं गेली. जागा नव्हती. त्या दिवशी बस दिसेनाशी होईपर्यंत मी उन्हात उभा होतो.

बुढी नवव्या दिवशी घरी आली. काठी टेकत, पण आपल्या पायांनी.

त्याच संध्याकाळी मी पानठेल्यावर गेलो. पेटीचं खरं मला सांगायचंच होतं. पण मी पोचायच्या आधीच शालिक म्हणाला, "काय बुढ्या, आता तं दोन पेट्या उतरल्या असतीन डॉक्टरणीच्या घरी!" सगळे हसले.

मीही हसलो.

बुढीनं हे तिला पाहायला आलेल्या बायांकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून तिनं विचारलं, "पेटी तुमी पाह्यली का?"

"पाह्यली."

"अन् आतलं?"

मी म्हशीला पाणी दाखवायला उठलो.

"बसा," ती म्हणाली. "आतलं पाह्यलं का?"

"नाई."

"तं मंग सांगा ना लोकाईले, का नाई पाह्यलं म्हून."

"लोक हासतीन."

"हासू द्या. मी मेली असती तं रडलेच असते ना."

तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मी मात्र रोज पानठेल्यावर जायचो आणि रोज न सांगता परत यायचो. आज गर्दी जास्त आहे, आज नेमका माणूस नाही, आज निवडणुकीचं बोलणं चाललं आहे. मळणी झाली, धान घरात आला, थंडी पडली. गावात मला मान होता, तो मी पंचाहत्तर पावलं चालून पानठेल्यावर टाकून येणार होतो. रोज चौऱ्याहत्तर पावलं चालायचो.

आणि मग कळलं, डॉक्टरीन जाते आहे. छत्तीसगडात तिचा भाऊ असतो, तिकडं कुठंतरी बसणार. बाकड्यांवर आता दिवसातून दोन-चारच माणसं यायची. गाव म्हणालं, कमावून झालं असेल.

ज्या दिवशी तिचा टेम्पो लागला त्या दिवशी मी नव्या तांदळाची पायली घेऊन गेलो. टेम्पोवाल्याला सामान नीट बांधता येईना. मी वर चढलो, दोर माझ्या हातानं आवळला. टेबल, कपाट, ते स्टूल. ती खाली उभी राहून पाहत होती. मी वाट पाहत होतो, ती म्हणेल, काकाजी, पेटीचं नंतर बोलू म्हटलं होतं. तिनं म्हटलं असतं तर मी बोललो असतो. खरंच बोललो असतो.

ती म्हणाली, "अनुसयाबाईंचं बीपी दर महिन्याला पाहून घ्या. आणि गवताला जाताना पूर्ण बाह्यांचं घालायला सांगा, आल्यावर आंघोळ."

"हो जी."

"तुमचा खोकला?"

"आहे थोडा."

"बिडी?"

"आहे थोडी."

ती हसली. मग तिनं पिशवीतून वही काढली. त्या वहीची पानं तिनं सुटी केली होती आणि सकाळपासून घरोघरी ज्याचं त्याला देत होती. आमचं पान माझ्या हातात ठेवलं. "पुढच्या डॉक्टरला दाखवा. त्यांना पहिल्यापासून विचारावं लागणार नाही."

टेम्पो गेला. मी रस्त्यावर उभा होतो, हातात पान, आणि तोंडात ते सारं न बोललेलं.

संध्याकाळी अंगणात उजेड होता तोवर मी ते पान वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, पण येतं. माझा खोकला होता, बिड्या होत्या, मुलगा पुण्याला असतो हे होतं. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'एका जागी बसत नाहीत. कशाची तरी काळजी असते. कधीतरी निवांत विचारायचे.' खाली दसऱ्यानंतरच्या त्या दिवसाचं होतं. मला वाटलं, तिथं माझी तक्रार असेल. लिहिलं होतं, 'अनुसयाबाई, ताप, गवत. तपासता आले नाही. पडदा बाकड्यांच्या फार जवळ आहे, बाहेर सगळे ऐकतात, काकाजींना संकोच वाटला असणार. चूक माझी. पडदा आतल्या खोलीत हलवणे. दोन दिवसांत घरी जाऊन पाहणे.'

मी ते पान बुढीला वाचून दाखवलं. 'चूक माझी' हे दोनदा वाचलं. बुढी उठली. तिनं दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा न घेता निघालो. पानठेल्यावर सात-आठ जण होते, शालिक होता. मी बाकड्यावर बसलो नाही.

"आयका बे," मी म्हणालो. "पेटीची गोष्ट मी सांगतली होती. आत काय होतं ते मी पाह्यलं नोयतं. कट-बिट मले काईच मालूम नोयतं. माह्या बुढीचा जीव त्या बाईनं वाचवला, अन् मी तिचं नाव खराब केलं."

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर सोपं गेलं असतं. शालिक तंबाखू मळता मळता थांबला. "आता सांगून काय फायदा बुढ्या? ते तं गेली."

"फायद्यासाठी नाई सांगून राहिलो."

"माहा जीवबी तिनंच वाचवला होता," शालिक खाली पाहत म्हणाला. "मी काहून हासलो असन बे?"

त्याला उत्तर द्यायला मी थांबलो नाही. ग्रामपंचायतीपुढच्या पारावर गेलो, तिथं तेच सांगितलं. दूध डेअरीवर सांगितलं. मग चक्कीवर गेलो. तिथं पाच-सहा बाया गहू-तांदूळ घेऊन बसल्या होत्या, चक्की जोरात चालली होती, साऱ्यांच्या भुवयांवर पीठ. मी ओरडून सांगितलं.

एक बाई डब्यावर हात ठेवून म्हणाली, "पण बाप्पा, आमाले तं तुमीच सांगलं होतं!"

"हो," मी म्हणालो. "मीच."

चक्कीच्या आवाजात मागच्या बायांना ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. मी चक्कीवाल्याला बटन बंद करायला लावलं. पट्टा फिरत फिरत थांबेपर्यंत उभा राहिलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.